सातवं नाव

मुलुंड,
२० डिसेंबर १९८४

प्रिय भीमराज,

‘प्रिय’ लिहिलं आणि खोडणार होते. मग राहू दिलं. चारचौघांत मी तुला ‘अहो’ म्हणते, पण आज ते जमणार नाही. ज्या पोरासोबत मी या वस्तीत वाढले त्याच्याशी मला बोलायचंय, स्मारक समितीच्या आर्किटेक्टशी नाही.

काल शिवदासभावजींकडून निरोप पाठवलास, राग शांत झाला की घरी ये म्हणून. माझा राग म्हणजे चुलीवरचं आधण नव्हे रे, विस्तव ओढला की बसायला. आणि निरोप कसला धाडतोस? दिंडोशीहून मुलुंडला यायला तुला रस्ता माहीत नाही का? भावजी बिचारे दारातच उभे राहिले, चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. आईकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. तुला वाटायला हवी होती.

तुला आठवतं ना, त्या नाल्यावर आधी नुसत्या फळ्या होत्या. दर पावसाळ्यात वाहून जायच्या आणि दर वेळी अंबादासदादा पोरं गोळा करून नव्या बसवायचा. तू एकदा शाळेतून येताना दप्तरासकट खाली गेलास, तेव्हा दादानंच कॉलर धरून तुला वर ओढलं. आईनं तुला आंघोळ घातली आणि दादाचा सदरा घातला. फौजेत भरती झाला तेव्हा डोक्यावर ट्रंक घेऊन तो त्याच फळ्यांवरून गेला.

एकाहत्तरच्या लढाईत आपल्या भागातली सात पोरं गेली. कुणी बंगल्यातली, कुणी चाळीतली, एक आपल्या वस्तीतला, आपला दादा. नाल्याच्या अलीकडची होती, तशी पलीकडचीही. म्हणूनच तेव्हा लोक म्हणाले, पुतळा नको, पूल बांधा. दोन्ही काठांची पोरं गेलीत, दोन्ही काठ जोडा. पुढे बारा वर्षं नुसते अर्ज आणि आश्वासनं. मग समितीनं काम तुझ्याकडे दिलं, तेव्हा आईनं वस्तीभर साखर वाटली. आपल्या पोराचा पूल आपला जावई बांधणार!

किती सुंदर काढला होतास तू तो पूल! घरात फरशीवर कागद पसरून मला समजावत होतास. कमान नाही, तोफ नाही. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचा बुटका कठडा, मधोमध पूल थोडा रुंद, टेकायला ओटा. बाजारातून येणाऱ्या बाईनं पिशवी ठेवून दम खावा. आणि सातही नावं कठड्यातच कोरलेली, जाता जाता हात लागेल अशी. मी विचारलं, इतकी खाली कशाला? तू म्हणालास, “मालन, मान वर करून वाचायची ती दुकानाची पाटी. आपल्या माणसाला हात लावता आला पाहिजे.” त्या दिवशी मला वाटलं, या माणसाशी लग्न केलं ते बरं केलं.

मग समितीच्या बैठका सुरू झाल्या आणि तू घरी बोलेनासा झालास. कमान आली. कमानीवर सिमेंटचे दोन सिंह आले. अध्यक्षांचं नाव खाली, डोळ्यांसमोर, पितळी अक्षरांत आलं आणि पोरांची नावं गेली वर, विजेच्या तारांच्या जवळ. मी विचारलं की तू म्हणायचास, “थोडं ऐकावं लागतं गं.” थोडं म्हणजे किती, ते मला रविवारी उद्घाटनाला कळलं.

आईला त्यांनी पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिला वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत. पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या. ती मान वर करून बघत राहिली आणि मला म्हणाली, “मालन, सहाच ओळी कशा गं? पोरं तर सात होती.” मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादा नव्हता. आईचं बोट अजून वरच होतं.

मी सरळ मंचावर गेले. अध्यक्ष माईकवर हात ठेवून हळूच म्हणाले, “बाई, समितीचा निर्णय आहे. रणांगणावर पडले तेवढेच. तुमचा भाऊ जानेवारीत गेला, इस्पितळात.” आई माझ्यामागून कधी वर आली मला कळलंच नाही. ती म्हणाली, “साहेब, गोळी काय इस्पितळात लागली त्याला?” तेव्हा ते हसून बोलले, “आमच्यावर कशाला चिडता? शेवटच्या नकाशावर तुमच्या जावयाचीच सही आहे.”

आम्ही दोघींनी तुझ्याकडे बघितलं, भीमराज. तू उठलास. मला वाटलं, वर येतोयस. तू मागच्या कनातीतून निघून गेलास.

समितीच्या नव्या शाळेचं काम तुला मिळणार आहे, हे मला भावजींकडून कळावं? आणि वर तुझा हा शहाणपणा, की नाव मागाहून घालता येईल, आत्ता वाद नको! मागाहून म्हणजे कधी? आई गेल्यावर? अध्यक्षांचा राग नाही मला. ते परके, ते तसेच वागणार. तू दादाचा सदरा घातलायस रे!

आई त्या दिवसापासून पुलावर पाय ठेवत नाही. बाजारात जाताना रेल्वेच्या फाटकापर्यंत लांबचा वळसा घालते. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द तिनं काढलेला नाही आणि मला तेच सहन होत नाही. काल विचारत होती, “तो जेवतो का गं वेळेवर?”

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. मंगळवारी मीराताई आल्या होत्या. यादीत पहिलं नाव आहे त्या कॅप्टनची आई. आईचा हात धरून म्हणाल्या, “सुंदराबाई, तुमचा मुलगा नसेल तर माझ्याही मुलाचं नाव काढा म्हणून सांगितलंय मी त्यांना.” पाठोपाठ बाकीच्या पाचही घरांनी तेच कळवलं. समिती घाबरलीय. येत्या रविवारी संध्याकाळी आपल्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. अध्यक्ष म्हणतात, सातवं नाव मुळात ठरलेलंच नव्हतं. ते ठरलं होतं, हे त्या सभेत उभं राहून सांगू शकेल असा माणूस एकच आहे. सांगितलंस तर शाळेचं काम जाईल, कदाचित पुढचीही जातील. मला माहीत आहे, आणि तरीही मी ये म्हणतेय. आलास तर सभेनंतर आपण दोघं आपल्या घरी जाऊ, भाकरी-चटणी खाऊन राहू. नाही आलास तर दिंडोशीची किल्ली मी भावजींकडे देईन.

अजून तुझीच,
मालन