बॅकअप लाइनचं शून्य

२ जून, सकाळी १०
नागपूर पक्कं! आमच्या साहेब हेमलता मॅडमची अट एकच. मेन लाइन गेली तर ऑफिसची सगळी मशिनं बॅकअप लाइनवरून वेळ घेणार. तर बॅकअपच्या घड्याळावर पंधरा दिवस नजर ठेवा, प्रमाणवेळेशी फरक नाही असा रिपोर्ट द्या, मग बदली. अडीच वर्षं जबलपुरात कुजून राहिलो. बायको विनता आणि लेक दुर्वा नागपूरला, मी दीक्षितपुऱ्यातल्या एका खोलीत. पंधरा दिवस म्हणजे डाव्या हाताचा मळ. संकल्प: दर तासाला रीडिंग.

३ जून
फरक शून्य. एकदाच पाहिलं. शून्य परत परत काय पाहायचं?

६ जून, दुपारी
शून्यच. मेन लाइनलासुद्धा दोन-तीन मिलिसेकंद फरक येतो, आपल्या बॅकअपला नाही. हातगुण, दुसरं काय. ‘किती वेळा जवाब आला’ त्या रकान्यातही शून्य. शिस्त म्हणतात ती ही.

९ जून
ज्युनियर अस्मिता विचारून राहिली, इतकं शून्य काहून? वर सर्व्हर रूममध्ये जाऊन एकदा केबल बघून या म्हणे. दोन जिने, त्यात तिथला एसी. माझं नाक लगेच गळतं. माझी बदली होणार म्हणून जळते बिचारी.

१३ जून
सामान भरायला अधारतालच्या दुकानातून खोके आणले. विनताला फोन केला: शाळा उघडेल तेव्हा दुर्वाला सोडायला मीच.

१७ जून
रिपोर्ट दिला. अठरा पानं. मॅडम खूश. उद्या मेन लाइन काढून दाखवा म्हणाल्या. मीच म्हटलं, सगळ्यांसमोर करू.

१८ जून
मेन काढली. बॅकअपवर काहीच नाही. वर पळालो. बॅकअपची केबल रॅकवर गुंडाळून ठेवलेली, रबरबँडसकट. मीच ठेवली होती, दिवाळीच्या साफसफाईत. केबल नाही म्हणून जवाब नाही, जवाब नाही म्हणून शून्य. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “चलो, आज से फिर पंद्रह दिन. और कुंडम वाली लाइन भी अब आप ही देखिए.” कुंडम म्हणजे शहरापासून दूर, आडगावचं ऑफिस.

१९ जून
केबल लावली. फरक चारशे बारा मिलिसेकंद. विनताला सांगितलं, तांत्रिक अडचण आहे. ती बरं म्हणाली. नुसतं बरं. कपाटाचा एक खण तिनं माझ्यासाठी रिकामा केला होता म्हणे, त्यात आता दुर्वाची पुस्तकं ठेवते म्हणाली. फार वाईट वाटलं. ठेव म्हटलं.