चौकटीतली रिकामी ओळ

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी ६.४०. बॉन, जर्मनी.
किचनच्या टेबलावर संपादक करीमसाहेबांच्या अंकाचं शेवटचं पान तपासत होतो. चुका दोन, दोन्ही माझ्या. राजवाड्याच्या खर्चाची बातमी दिली म्हणून त्यांचा पेपर तिकडे, त्यांच्या देशात, बेटावर, राजाने बंद केला. आता आमच्या छापखान्यातून चार पानं काढतात. तिथे वेबसाइट उघडत नाही, म्हणून कागद. जाणाऱ्यांच्या बॅगेतून जातो.
दादा त्याच बेटावर, हॉटेलात अकाउंट्सला. या कामाचं त्याला बोललेलो नाही.
इम्प्रेसुममध्ये, म्हणजे कोणी काढलं-कोणी छापलं त्या चौकटीत, 'अक्षरजुळणी' ही ओळ रिकामी होती. मालकीणबाई फ्राऊ वेबर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, रिकामं काही सोडायचं नाही. भरली. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. फॉर्मवर लिहितो तसं.

शुक्र., १४ मार्च
३०० प्रती छापल्या. १२ सकाळीच एका बाईंच्या बॅगेतून बेटावर गेल्या. दुपारी घड्या घालताना चौकट पुन्हा वाचली. दादाच्या तिथल्या कामाच्या परमिटवरही बाबांचं नाव आणि आडनाव हेच. घड्या थांबवून फ्राऊ वेबरना दाखवली.
फ्राऊ वेबर: "मग तुझं नाव कोणी मागितलं होतं? कायद्याला संपादकाचं लागतं आणि छापणारी म्हणून माझं."
उरलेल्या २८८ कपाटात ठेवल्या.

रवि., १६ मार्च
दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डिप्लोमा अर्धा सोडलास, ही एक ओळ सोडता नाही आली तुला?" नंतर जेवलास का विचारलं.

सोम., १७ मार्च
करीमसाहेबांना म्हटलं, पुढच्या अंकात छापा ना, ते नाव खोटं होतं, असा कोणी नाही. ते हिंदीत म्हणाले, "अरे भाई, खोटं छापायचं असतं तर मी तिथेच राहिलो नसतो?" २८८ प्रती माझ्या नावाशिवाय पुन्हा छापू म्हणाले. त्या १२ मात्र परत येणार नाहीत.

बुध., १९ मार्च
दादाचा मेसेज: "ऑफिसने पासपोर्ट मागितलाय. सगळ्यांचाच, म्हणतात. आईला बोलू नकोस." सगळ्यांचाच असेल.
एप्रिलचा मजकूर आला. पहिली बातमी: बेटावर आमचा अंक सापडला म्हणून एका दुकानदाराला नेलं. त्याच्या नावाचं स्पेलिंग तीनदा तपासलं. बरोबर आहे.

छापल्या ३००
कपाटात २८८
बेटावर १२
दुकानात सापडल्या ४
बाकी ८, कुठे ते माहीत नाही