अठरा नंबरचे स्टिकर

२८ जानेवारी, बुधवार
आज बांधलेल्या चाळीस जुड्यांवर माझा मोजणीचा अठरा नंबर लावलाच नाही. शेजारच्या अकोथचा एकवीस लावला. घाईत एक स्टिकर गुलाबाच्या पाकळीवरच चिकटलं!

काय करणार? नाताळपासून अकोथच्या उजव्या हाताची बोटं बधिर झालीत. दहा वर्षं थंडगार पाण्यातले गुलाब उचलायचे, दुसरं काय होणार. कात्री गळून पडते. दिवसाला तीनशे जुड्या बांधायच्या. आठवडाभर कमी भरल्या की फाटकाबाहेर. माझ्या साडेतीनशे होतात. दिल्या चाळीस तर काय बिघडलं?

बिघडलं तर दोघी घरी बसू. हेही खरं.

३० जानेवारी, शुक्रवार
अकोथ कुजबुजली, "केमुंतो, पुरे गं. माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय येईल." मी तिच्या लेकाचं नाव घेऊन म्हटलं, "ओमोंडीच्या आई, तोंड बंद आणि हात चालू."

वळून बघते तर मागे मुटिंडा मुकादम! फूटपट्टीनं दांडे मोजत होता. ऐकलं असेल का?

२ फेब्रुवारी, सोमवार
चौदा तारखेला युरोपातल्या प्रेमिकांना गुलाब हवेत, म्हणून कोटा तीनशे चाळीस! आता चाळीस दिल्या तर मीच कमी पडते. अकोथ डाव्या हातानं रेटून कशीबशी तीनशेपर्यंत जातेय. तरी वरच्या चाळीस दिल्या. डोकं ठिकाणावर नाही माझं.

४ फेब्रुवारी, बुधवार
माझ्या स्टिकरच्या गुंडाळीतून कोणीतरी स्टिकर फाडून नेतंय. सोमवारी नवी घेतली होती, आज संपत आली. पुरावा गोळा करतायत — दुसरं काय!

कोण ते मला ठाऊक आहे. न्यागुथी. टेबलाच्या पलीकडे उभी असते, मुटिंडाशी हसून बोलते, आम्हा सगळ्यांना टोमणे मारते. चहाडखोर बाई. आज मला म्हणाली, "एकवीस नंबरच्या हाताला गुण आलाय वाटतं. आणि अठरा नंबरला मात्र ताप!"

नैरोबीच्या विमानतळावर फुलं नेणारा ट्रक सुटेपर्यंत मी दर जुडीमागे मुटिंडाकडे बघत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मक्याच्या पिठाची उगाली तशीच झाकून ठेवली. उद्यापासून एकही जुडी द्यायची नाही. ठरलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
दिल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार
आठवड्याची यादी लागली. अकोथचे आकडे पुरे, तिची नोकरी वाचली. मग माझा नंबर बोटानं शोधला — तीनशे बेचाळीस, तीनशे चाळीस, तीनशे एक्केचाळीस... रोज पुरे! कसं शक्य आहे? तीनशे दहाच्या वर जायलाच नको होतं. हा सापळा आहे. सोमवारी मला ऑफिसात बोलावणार.

सात नंबरखाली कमी भरल्याची लाल रेघ होती. कोण ते मी विचारलंही नाही. मला माझंच पडलं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार
बोलावलं ते न्यागुथीला. सात नंबर तिचा.

परत आली, ॲप्रन काढला, घडी घातली. खिशातून अठरा नंबरच्या स्टिकरची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. "घे. आजपासून तुझ्या जुड्या तुलाच पुऱ्या कराव्या लागतील," म्हणाली. "अकोथच्या बंद करू नकोस."

मागे मुटिंडाची फूटपट्टी होती. न्यागुथी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी मान वर केली नाही.