परीक्षेचा पेशंट

बाबा,

तुझं पोट मी पहिल्यांदा तपासलं ते परीक्षकांसमोर. त्याआधी आठवडाभर तू आमच्याच वॉर्डात होतास. येता-जाता मी तुझी चादर सारखी करायचो, पाणी द्यायचो, पण हात लावत नव्हतो. डोळे पिवळे झालेले, पोटात पाणी साठलेलं. त्यावरून काय काय असू शकतं ते मला कळत होतं, म्हणूनच हात लावायचा नव्हता.

त्याआधीच्या वर्षांत माझं काय चाललेलं हे तुला पुरतं कधी सांगितलंच नाही. मी रशियातून डॉक्टर होऊन आलो तेव्हा तू कोपरीतल्या सगळ्या शेजाऱ्यांना कोळंबीचं जेवण घातलेलंस. थोड्याच दिवसांत तो देशच मोडला. पदवी खरी का हे विचारायला इथून माझ्या कॉलेजला पाठवलेल्या पत्रांना उत्तर येईना. इथे म्हणत, बाहेरून शिकून आलात ना, मग आमच्या रुग्णालयात वर्षभर काम करा, नंतर तोंडी परीक्षा होईल, तोपर्यंत औषधाची चिठ्ठी लिहायची नाही. आणि रुग्णालयात जागाच मिळेना. विठ्ठलवाडीच्या एका दवाखान्यात मी गोळ्यांच्या पुड्या बांधत बसायचो. संध्याकाळी जाळं विणता विणता तू विचारायचास, "आज पेशंट होते का रं?" मी म्हणायचो, "होते की, पुष्कळ." एकदा खाडीच्या काठावर तुझ्या होडीत नुसता बसून राहिलो होतो, ओहोटी लागून होडी चिखलात टेकली तरी. परत घरी यायला पाय उचलत नव्हता.

शेवटी कल्याणला जागा मिळाली. वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांना आम्ही बाई म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं. एक म्हातारी "जीव खालीवर होतोय" म्हणाली आणि मी उलट्या लिहून मोकळा झालो. तिला दम लागत होता. मला प्रश्न सुचायचे रशियनमध्ये, शब्द शोधायचो इंग्रजीत, आणि विचारायचो मराठीत. तोवर माणूस काय म्हणाला ते निसटून जायचं. बाई म्हणाल्या, "अहो रशियावाले, ती कळव्याहून आलीय, रशियाहून नाही. तिचं आधी ऐका, मग लिहा." त्यानंतर वर्षभर त्यांनी मला रोज एकेका खाटेपाशी उभं करून ऐकायला लावलं.

आणि मग तो दिवस. मुंबईहून आलेले परीक्षक वॉर्डातून फिरतायत, तुझ्या खाटेपाशी थांबतात. तुझ्या पोटावर हात ठेवून म्हणतात, "छान केस आहे. हीच द्या त्याला."

बाई हळूच म्हणतात, "सर, हे त्याचे वडील आहेत. दुसरा पेशंट देते."

तू उठून बसतोस. "नको बाई. माझ्यावरच होऊ द्या परीक्षा. माझा पोऱ्या हाय, मी त्याला तरास नाय देनार."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण पुढची परीक्षा कधी होईल ते कुणीच सांगत नव्हतं. आणि नाही म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का?

"मोठा श्वास घे," मी म्हटलं. तू घेतलास. उजव्या बरगडीखाली माझी बोटं दाबली गेली, आणि ओहोटीला चिखलात पायाखाली कालवांचा खडक लागावा तसं ते लागलं. टणक, खडबडीत. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी तोंड हलू दिलं नाही.

मग मी इंग्रजीत सगळं सांगितलं. आजाराचं नाव विचारलं तेव्हा 'कॅन्सर' म्हटलं नाही, तो शब्द तुला कळला असता. पेशंटसमोर बोलायला डॉक्टर लोक 'मायटोटिक' म्हणतात, तेच म्हटलं. तू शेजारच्या खाटेवरच्याला डोळ्यांनी खुणावत होतास, कसा बोलतोय बघ.

"प्रोग्नोसिस?" परीक्षकांनी विचारलं. म्हणजे ह्याचं पुढे काय होणार. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "बोला, डॉक्टर," परीक्षक म्हणाले.

इथे मला डॉक्टर म्हणणारा तो पहिला माणूस. "पूअर, सर," मी म्हटलं. "व्हेरी पूअर."

पास झालो. सगळे गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. पावसाळ्यात जाळं बंद असायचं तेव्हा तू कंपनीत हमालीला जायचास, तिथे दोन-चार इंग्रजी शब्द तुझ्या कानावर पडलेले. तू नाराज होतास.

"आपुन गरीब हाव ते सायबाला कशाला सांगितलंस?"

मी तुझी चादर सारखी केली. मग म्हणालो, "सांगावं लागतं बाबा. म्हणजे औषध फुकट देतात."

"असं होय," तू म्हणालास. "हुशार झालास." आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास.

शिमग्याला तू नव्हतास. माझा नोंदणीचा कागद त्यानंतर आला.

हल्ली बाहेरून शिकून आलेली पोरं माझ्याकडेच पाठवतात. खाटेपाशी उभी राहून तीही 'मायटोटिक' म्हणतात. पेशंट एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतो, आणि मी पुढच्या खाटेकडे वळतो.

हे कुठे पाठवायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं. तू असतास तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि त्या 'पूअर'पाशी आलो असतो तेव्हा, बाबा, मी पुन्हा 'गरीब' असंच वाचलं असतं.