साडेचार मिनिटं

सर, काल माझ्या लॅबमधल्या नव्या मुलीने रिपोर्टवर कोअ‍ॅग्युलेशनचं स्पेलिंग चुकवलं. ओच्या पुढचा ए खाल्ला. मी तिच्यावर पेशंटसमोर ओरडले, आणि ओरडताना माझ्या तोंडून तुमचाच आवाज बाहेर पडला. "रक्त गोठण्याचा वेळ आहे हा, दही लागण्याचा नाही. नीट लिही." ती रडवेली झाली. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि तेव्हापासून तुमच्यावरचा राग पुन्हा वर आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो विझायला तयार नाही.

नव्वदच्या दशकात मी मलकापूरहून सांगलीला तुमच्या लॅबमध्ये नोकरीला आले, तेव्हा मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजीला घाबरणारी पोरगी होते. लॅब टेक्निशियनच्या परीक्षेत पहिली आले होते, पण तुम्ही ते सर्टिफिकेट न बघताच बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "कोअ‍ॅग्युलेशन लिहून दाखव." मी सीच्या जागी के लिहिला. तुम्ही तो कागद बाहेर बसलेल्या पेशंटांना दिसेल असा उंच धरलात. मग त्याच टेबलावर एकेक अक्षर घोटून घेतलंत आणि अर्थही सांगितलात. पातळ रक्ताचं घट्ट होणं, म्हणजे शरीराने स्वतःची जखम स्वतः बुजवणं. खरं सांगते, इतकं सोपं करून मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीला तुम्ही मला एक स्टॉपवॉच दिलंत. मी ते घरी आईला दाखवलं आणि तिने त्याला हळदकुंकू लावलं.

ते घड्याळ मी दोनेक महिने वापरलं असेल. बोटाला टोचायचं, केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा एक तुकडा मोडत जायचा. दोन तुकड्यांच्या मध्ये रक्ताचा बारीक धागा ताणलेला दिसला की घड्याळ थांबवायचं आणि वेळ लिहायचा. मला त्या धाग्याची भारी गंमत वाटायची. पण सकाळी ऑपरेशनच्या आधीची दहा-बारा माणसं एकदम यायची, डॉक्टरांचे फोन यायचे, आणि तुम्ही माझ्यामागे येऊन उभे राहायचात. "काय चित्र काढतेस का? आवर." शेवटी एका शनिवारी तुम्ही मला टाइपरायटरसमोर बसवलंत आणि कोऱ्या फॉर्मांवर तो आकडा आधीच टाइप करून घेतलात. कोअ‍ॅग्युलेशन टाइम, साडेचार मिनिटं. खाली तुमची सही. फक्त नाव रिकामं. मी चाचरत विचारलं, तर तुम्ही हसलात. "सगळ्यांचं तेवढंच येतं गं. उगाच शहाणपणा नको."

आणि सर, त्या गठ्ठ्यातले तीन फॉर्म तुम्ही टराटरा फाडलेत, कारण त्यांच्यावर स्पेलिंग चुकलं होतं. त्यानंतर दर शनिवारी हेच. आकडा खोटा चालायचा, स्पेलिंग खोटं चालायचं नाही. "स्पेलिंग चुकलं की डॉक्टरचा विश्वास उडतो," हे तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगायचात की मला त्यात काही विचित्र वाटेनासं झालं. मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

मग ती पोरगी आली. आष्ट्याकडच्या एका शिंप्याची लेक, सात-आठ वर्षांची, टॉन्सिल काढायला आणलेली. आपल्या लॅबचा रिपोर्ट फाइलला लागला, ऑपरेशन झालं, आणि घशातलं रक्त थांबेना. दोन दिवस डॉक्टरांनी शर्थ केली, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, मिरजेला हलवलं. तिथे ती गेली. तिच्या रक्तात गोठण्याची ताकद जन्मापासूनच नव्हती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्याचं आपल्याला फोनवर कळलं. तुम्ही फोन ठेवलात, रजिस्टर उघडून नोंद बघितलीत आणि म्हणालात, "आपलं सगळं बरोबर आहे."

पंधरा दिवसांनी तिचा बाप एकटाच आला. शर्टाच्या खिशात तो रिपोर्ट घडी करून ठेवलेला. मी टेबलाशी होते. त्याने कागद माझ्यासमोर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, ह्या वळीचा अर्थ काय वो?"

"रक्त गोठायला लागणारा वेळ," मी म्हणाले.

"आन् किती लिवलाय?"

"साडेचार मिनिटं."

"ह्ये चांगलं का वाईट?"

"चांगलं."

"मग माझ्या लेकीचं दोन दिस का थांबलं न्हाई?"

तो भांडायला आला नव्हता, सर. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. तेव्हा तुम्ही आतून आलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तिचं रक्त मी स्वतः तपासलंय, घड्याळ समोर ठेवून. पण माणसाच्या शरीराचं काही सांगता येत नाही." तो "व्हय, व्हय" म्हणाला. कागदाची पुन्हा घडी केली, तुम्हाला हात जोडले आणि गेला. त्याने तुम्हाला हात जोडले, हे मी अजून विसरलेले नाही.

महिनाभरात मी नोकरी सोडली. पुढे साताऱ्यात स्वतःची लॅब टाकली. तुम्ही मेंदूत रक्ताची गुठळी होऊन गेलात असं कळलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की यांचं रक्त बरं वेळेवर गोठलं. लाज वाटली, पण आलं खरं. इतकी वर्षं मी सगळ्यांना तुमची गोष्ट सांगत आलेय. नवऱ्याला, मुलांना, लॅबमधल्या पोरींना. एका खोटारड्या माणसाची गोष्ट. ऐकणारा चुकचुकतो आणि मला बरं वाटतं.

तुमच्या मिसेस अजून सांगलीत असतात. हे पत्र त्यांना पाठवावं, असं काल मनात आलं होतं. नाही पाठवणार. पाठवायचं तर त्या दिवशीचं सगळं लिहावं लागेल, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या पोरीला आणलं त्या सकाळी तुम्ही लॅबमध्ये नव्हतात. पाचगणीला, मुलाच्या शाळेत गेला होतात. लॅबमध्ये मी एकटी होते आणि त्या दिवशी गर्दीही नव्हती. तुम्ही तिच्या बापासमोर खोटं बोललात, तेव्हा मला तुमची किळस आली हे खरं आहे, पण त्याच्या आधी हायसं वाटलं होतं. हिमोग्लोबिनसाठी मी त्या पोरीच्या बोटाला टोचलं, थेंब घेतला, कापूस दिला. ती बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिची आई आली, "आवं ताई, थांबंना की." मी दुसरा कापूस दिला. मग तिसरा. आणि तिसरा दिल्यावर गठ्ठ्यातला वरचा फॉर्म घेऊन त्याच्यावर तिचं नाव लिहिलं.