दोन नव्या खोल्या

१ जुलै

आमच्या शाळेला दोन नव्या खोल्या मिळाल्यात. मला आज कळलं!

दोन वर्षं अर्ज करतेय. सहावी व्हरांड्यात बसते, सातवी-आठवीला आहेत त्या दोन जुन्या खोल्या, त्याही गळक्या. आज शिक्षण खात्याच्या ब्लॉक ऑफिसचं उत्तर आलं — आपल्या शाळेत दोन अतिरिक्त कक्ष मार्चमध्येच बांधून पूर्ण झालेत, तेव्हा मागणी अमान्य. सोबत फोटो. पिवळ्या भिंती, हिरवी दारं, वर पंखे. मागे चिंचेचं झाड. आमच्याकडे चिंच नाही. शाळेमागे नुसतं मैदान आहे.

आधी हसूच आलं. सुरभीला दाखवलं — आमची अतिथी शिक्षिका, म्हणजे कंत्राटी. शाळेत शिकवायला आम्ही दोघीच, ती आणि मी प्रधानाध्यापिका. ती म्हणाली, "मॅडम, चला ना, सहावीला घेऊन त्यातच बसू या." दोघी हसत सुटलो. तेवढ्यात पावसाची झड व्हरांड्यात आली. सहावीची पोरं दप्तरं छातीशी धरून भिंतीला चिकटली. हसणं तिथंच थांबलं.

४ जुलै

ब्लॉक ऑफिसला गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, पोर्टल पे है तो है."

म्हटलं, सर, शाळेत नाही.

"आपने ठीक से देखा?"

ठीक से देखा! खोली म्हणजे काय हरवलेली किल्ली आहे?

बाहेर बाबू हळूच म्हणाला, "भिया लोगों का काम है मॅडम. पेमेंट हो गया. छोड़ो." भिया म्हणजे इथले पुढारी, ठेके त्यांचेच.

घरी धनेशना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आयुष्य बँकेत गेलं त्यांचं, कागदाची भीती त्यांना माझ्याहून जास्त. "शर्वरी, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली तुझ्या. पेन्शनचे कागद ह्याच लोकांच्या टेबलावरून जाणार." मी पोळ्या लाटत राहिले. एकही गोल झाली नाही.

५ जुलै

सरकारी हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवली — दोन खोल्यांचे पैसे खर्च झाले, खोल्या नाहीत. स्वतःच्या नावानं. तक्रारदार 'संतुष्ट' म्हणेपर्यंत ती बंद होत नाही म्हणे. धनेशना अजून सांगितलेलं नाही.

१४ जुलै

रोज फोन! आधी बाबू, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. "मॅडम, शिकायत बंद करवा दो ना, हमारी रैंकिंग खराब हो री है." खोल्यांबद्दल कुणी एक शब्द काढत नाही. आज एकानं तर माझ्या तब्येतीची चौकशी केली. "बीपी-वीपी तो नहीं है ना मॅडम? इस उमर में टेंशन नहीं लेना."

धनेशना कळलं. जेवताना टीव्हीचा आवाज वाढवला.

२२ जुलै

तपासणी आली. खोल्यांची नाही — माझी! शाळेच्या सगळ्या ग्रांटचं स्पेशल ऑडिट.

ऑडिटर नचिकेत म्हणून मुलगा. आमच्या घराजवळच्या लालबागकडचाच, ह्या हिंदी मुलखातला मराठी. आधी 'काकू' म्हणाला, मग जीभ चावून 'मॅडम'. मला भीती नव्हती. प्रत्येक खर्च खरा लिहिलाय. तेच नडलं.

खेळाच्या पैशांतून मी गेंदालालचा ऑटो लावलाय. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या अकरा मुली त्यातून येतात. नाल्यावर पूल नाही. पावसाळ्यात मोठ्या सडकेनं वळसा घालून यायचं, ट्रकांच्या मधून — कोण आईबाप पाठवेल? पावतीवर मी स्वच्छ लिहिलं होतं : मुलींसाठी ऑटो. नचिकेतनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे खेळाच्या पैशातून नाही चालत."

"मुली शाळेतच आल्या नाहीत, तर खेळणार कोण रे?"

"मला पटतंय." त्यानं पेनाला टोपण लावलं. "पण मला पटून काय होणार?"

जाताना म्हटलं, आलाच आहेस तर खोल्या बघून जा. तो मागच्या मैदानाकडे वळला. तिथं दोन म्हशी चरत होत्या. "माझ्या ऑर्डरमध्ये त्या नाहीत, मॅडम," म्हणाला. चहा न घेताच गेला.

२ ऑगस्ट

नोटीस. पैसे माझ्या पगारातून वसूल करणार. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सस्पेंड. आणि ऑटो ताबडतोब बंद, लेखी आदेश.

साहेबांनी बोलावलं. आज आवाज एकदम गोड. "अरे मॅडम, बैट-बॉल का बिल लगा देतीं! कौन गिनने आ रहा था?" खरं लिहिलं ही चूक — हे मला ते अगदी मनापासून समजावत होते. मग खुर्ची पुढे ओढली. "देखो, उधर आप संतुष्ट हो जाओ, इधर हम संतुष्ट हो जाएंगे. ऑटो की भी परमिशन निकाल देंगे."

मी उठून आले.

४ ऑगस्ट

गेंदालालला सांगितलं, उद्यापासून नको. तो म्हणाला, "पइसा बाद में दे देना मॅडमजी, मैं तो ले आऊंगा." म्हटलं, पैशाचं नाही रे. तुझी गाडी पकडतील. त्यानं नुसती मान हलवली. मुलींना मी काही सांगितलं नाही.

७ ऑगस्ट

अकरापैकी एकही नाही. तिसरा दिवस.

८ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले, सडकेनं, चालत. चपलेचा अंगठा तुटला.

रवीना आठवीतली. गणितात हुशार, माझ्या चुका काढते. दारात भांडी घासत बसली होती. मला बघून उठली नाही, वर बघितलंही नाही. आई म्हणाली, "अब कां भेजां मॅडमजी. घर बैठी तो सगाई की बात चल री हे." मी म्हटलं, चौदा वर्षांची आहे! "तो?" म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारत होती.

रवीनाची धाकटी बहीण माझा पदर धरून — "ऑटो कब आएगा?"

घरी आल्यावर धनेशना सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "एक सांग. खोल्या नव्हत्या तेव्हा ह्या मुली येत होत्या ना?"

"हो."

"ऑटो नाही तर येत नाहीत."

"हो."

"मग तू भांडतेस कुणासाठी?"

उत्तर असणार, पण त्या दारात उभं राहून मला ते सांगता आलं असतं का?

११ ऑगस्ट

हेल्पलाइनचा फोन. कुणी मुलगी होती, छान आवाजाची.

"मॅडम, दोनों कमरे बन गए हैं?"

"हां."

"आप समाधान से संतुष्ट हैं?"

"हां."

"ज़रा ज़ोर से बोलिए मॅडम, रिकॉर्ड हो रहा है."

जोरात बोलले. वर्गातली पोरं वळून बघायला लागली.

१३ ऑगस्ट

नोटीस मागे. ऑटोला विशेष परवानगी! दोन दिवसांत! एरवी खडूचा डबा यायला ह्यांना दोन महिने लागतात.

मुली आल्या. रवीनापण. तिनं वही उघडली आणि राहिलेली गणितं मागितली. सगाईचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सुरभीनं आज डबा सहावीत बसून एकटीनं खाल्ला. शाळा सुटताना म्हणाली, "मॅडम, मी परमनंट झाले की मलापण असंच करावं लागणार का?"

तिला म्हटलं, कुलूप लाव.

१९ ऑगस्ट

मैदानाकडची खिडकी हल्ली बंद ठेवते.

२५ ऑगस्ट

पडक्या शाळांची पाहणी चाललीय सगळीकडे. शनिवारी इंजिनियर आला होता. सातवीच्या छताला काठी लावली तर प्लास्टरचा ढलपा त्याच्याच खांद्यावर पडला. खोटं नाही, छत धोक्याचंच आहे. मीच तर लिहीत होते दोन वर्षं!

आज आदेश आला. दोन्ही जुन्या खोल्या पाडायच्या. शुक्रवारी मशीन येणार. विद्यार्थ्यांना 'नवनिर्मित कक्षां'त बसवायचं. खाली कारण लिहिलंय — नवीन कक्ष उपलब्ध असल्याची पुष्टी प्रधानाध्यापिकेनं स्वतः केली आहे.

म्हणजे शुक्रवारनंतर शाळा म्हणजे मैदान आणि म्हशी. आणि जागा नाही म्हटलं की सडकेपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन. तिथं गेंदालालचा ऑटो जाणार नाही. परवानगी ह्या शाळेपुरती आहे.

साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, पोरं बसणार कुठं? त्यांनी आदेशाचा नंबर विचारला, मग तारीख. त्यांनाही नवीनच असावं. मग म्हणाले, "मॅडम, अब मैं क्या लिखूं? आप ही ने तो बोला है, कमरे हैं. रिकॉर्डिंग है."

मला वाटत होतं मी गप्प बसले. गप्प कुठं? मी साक्ष दिली. मोठ्यानं, वर्गासमोर.

धनेशना आदेश वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "परत तक्रार केलीस तर ते तुलाच खोटी पाडतील," म्हणाले.

"खोटी आहेच ना मी."

ते उठले आणि गणपतीच्या सामानाची पिशवी उगाच इकडची तिकडे ठेवत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "पेन्शन माझी आहे. एकाची पुरेल."

२६ ऑगस्ट

प्रार्थना झाल्यावर शाळेतूनच हेल्पलाइनला फोन लावला — खोल्या नाहीत, दिलेली पुष्टी खोटी आहे. सुरभी शेजारी उभी होती.

"शिकायत किसके ख़िलाफ़ है मॅडम?"

माझं नाव सांगितलं. पदासकट.

"और शिकायतकर्ता का नाम?"

म्हटलं, "वही नाम लिखिए."