राहून गेलेले ब्रेक

तीर्थरूप बाबांना,
डाव्या हाताने लिहिलेला नमस्कार.

घाबरू नका. उजवं मनगट मोडलंय, पण सहा आठवड्यांत प्लास्टर निघेल. आईला एवढ्यात सांगू नका.

इथल्या रानवाटांवर फिरायला येणाऱ्यांना भाड्याने सायकल देण्याआधी मी प्रत्येक सायकलचे ब्रेक दाबून बघतो, आपल्या दुकानात बघायचो तसेच. शनिवारी माझ्याच सायकलचे बघायचे राहिले. उतारावर ब्रेक लागलाच नाही, झाडावर आदळलो.

पडल्यापडल्या तुम्ही आठवलात. अख्ख्या गावाच्या सायकली नीट करणारे, आणि स्वतःच्या छातीत कळ आली तरी “बघू पुढच्या आठवड्यात” म्हणणारे. खाण तशी माती.

तो आठवडा आला का, बाबा? डॉक्टरांकडे जाऊन या. तोवर, प्लास्टर निघालं तरी, मी सायकलला हात लावणार नाही.

तुमचा,
धाकटा